निरंक

गल्लीत मला सिस्टरआजी म्हणतात. नोकरीतून सुटून बरीच वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, एका डोळ्यात नवीन भिंग बसवलंय, तरी कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं की पहिली हाक मलाच. मीही पदर खोचून निघते. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला इतकं सोज्वळ निमित्त म्हातारपणी कुणाला मिळतं?

त्या सकाळी मात्र मी कासंडी घेऊन नुसती दुधाला गेले होते.

शेजारच्या गोठ्यात चार म्हशी. आमची पेठ कोल्हापूर शहरातली. गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हशी बांधायला मिळते. शेजारी आणि त्याची बायको रोज सकाळी दोन म्हशी कोपऱ्यावरच्या दूध कट्ट्यावर नेऊन उभ्या करतात. गिऱ्हाईक समोर, धार पेल्यात, पेला तोंडाला. तालमीतले पैलवान, फिरायला निघालेले पेन्शनर, सगळे मिशीला फेस लावून घरी जातात. मी वर्षानुवर्षं सांगत आले, बाबांनो, दूध उकळून प्या. ते मला सांगत आले, "आजी, उकाळलं की ताकद जातीया."

कट्ट्यावर जाणारी त्यांची थोरली म्हैस दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. आवाजही बदलला होता. निवडणुकीच्या शेवटच्या दिवशी पुढाऱ्याचा घसा बसतो तशी घोगरी, न थांबता रेकत होती. मला ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. माजावर आली असेल, असं म्हणून मी फोडणी घातली होती. एवढी शहाणी मी.

गोठ्यात शिरले तर शेजारीण म्हशीच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालून उभी. डाव्या हातानं जीभ बाजूला धरलेली, उजवा आत. म्हशीच्या तोंडातून लाळेच्या तारा सुटलेल्या, तिच्या दंडावरून खाली गळत होत्या.

"काय करालीस गं?" मी ओरडले.

"उसाचं कांडं अडकलंय बघा मावशी घशात. गिळंना झालीया. हाताला लागंना."

"हात काढ! आधी हात काढ, भवाने!"

आमच्याकडचा माणूस हे असंच करतो. कुत्रं पिसाळलं म्हटलं की गल्ली सोडून पळतो. पण दावणीची म्हैस लाळ गाळायला लागली, गिळेना झाली, की तिच्या घशात काहीतरी अडकलंय असंच त्याला दिसतं आणि तो हात घालतो. प्रेमानं घालतो. पोटच्या पोराच्या तोंडात घालावा तसा. आणि घशात काहीही अडकलेलं नसतं. घसाच बंद पडत आलेला असतो.

मी तिला ओढत नळावर नेलं. कपडे धुवायची साबणवडी घेतली आणि तिचे दोन्ही हात वाहत्या पाण्याखाली चोळत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात बघून पंधरा मिनिटं. उसाच्या वाड्याची, शेंड्याच्या हिरव्या पाल्याची, पात सुरीसारखी कापते. तिच्या बोटांवर बारीक चिरा होत्या, ताज्या, पाण्यानं लाल झालेल्या. त्या दिसल्या आणि चोळता चोळता मी थांबले. तिला वाटलं म्हातारी दमली.

"मावशी, बास की. कातडं निघंल."

मी दमले नव्हते. मी ह्याच चिरा आधी एकदा बघितल्या होत्या.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि शिरोळकडच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात नवी नर्स होते. नवी म्हणजे किती, तर साडीची निरी मोडेल म्हणून स्टुलावर बसायची नाही. अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा, ॲप्रनच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. कुत्रं चावलेल्यांचं रजिस्टर माझ्याकडं होतं. त्याच्या रेघा मी पट्टीनं मारायची. अक्षर असं की बघणाऱ्यानं लग्नाची पत्रिका समजावी. महिन्याचा अहवाल पहिल्या तारखेला तालुक्याला पोचवणारी आख्ख्या भागात मी एकटी. तालुक्याच्या बैठकीत माझं कौतुक झालं, पेनाचा एक सेट मिळाला. त्यातलं एक पेन कधी उठलंच नाही, पण मी ते खिशाला लावून मिरवायची. आज ती पोरगी समोर आली असती तर मी तिचा गजरा उपटून तिच्याच तोंडात कोंबला असता.

एक दिवस एक बाई आली. माझ्याच वयाची. कडेला मूल, उजवा हात पदरात गुंडाळलेला. रांगेत दीड तास उभी राहून माझ्या टेबलापर्यंत आली.

मी मान वर न करता विचारलं, "कुत्रं कधी चावलं?"

"कुत्रं न्हाय बाई. म्हस मेली आमची."

"म्हशीचा दवाखाना पलीकडं आहे."

"तसं न्हवं. तिच्या तोंडात हात घातलतो. कणीस अडकलं असंल म्हणून. सासू म्हणाली दाखवून ये."

"चावली का?"

"न्हाय."

"मग इथं कशाला आलीस?" मी म्हणाले. रजिस्टरमध्ये 'कोणता प्राणी चावला' असा रकाना होता. हिला काही चावलंच नव्हतं. कुठं लिहू? वहीत जागा नाही म्हणून बाईला दवाखान्यात जागा नाही. मी तिच्या बोटांवरच्या चिरांना पिवळं मलम लावलं, वर एक टोमणा मारला, "म्हशीचे दात मोजत होतीस काय?" रांगेतले लोक हसले. तीही हसली, लाजून. मी फार विनोदी होते.

दोन महिन्यांनी तिच्या नवऱ्यानं तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं. ती पाणी मागत होती आणि तांब्या तोंडाजवळ आला की गळ्याला हात लावून किंचाळत होती. दारातून वारा आला तरी अंग आखडत होतं. शुद्धीवर होती, हे सगळ्यात वाईट. मला ओळखलं तिनं. डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. तिथल्यांनी बघितलं आणि नवऱ्याला सांगितलं, घरी न्यायची असेल तर न्या. ह्या रोगाची खूण एकदा दिसली की जगात कुणाकडं औषध नाही. तेव्हा नव्हतं, आज नाही. ती घरी गेली. गावच्या वहीत तिच्या मृत्यूचं कारण लागलं ताप.

महिना संपला. अहवालात एक ओळ असायची, 'रेबीजने मृत्यू'. मी पेन उचललं आणि वरिष्ठांना विचारलं, "साहेब, ती म्हशीवाली?"

"आपल्या दवाखान्यात मेली काय?"

"नाही."

"आपल्या रजिस्टरला चावल्याची नोंद हाय काय?"

"नाही."

"मग तुमचं डोकं कशाला चाललंय? निरंक लिहा."

निरंक म्हणजे शून्य. काही घडलं नाही. आमच्या सरकारी मराठीतला सगळ्यात स्वस्थ झोपणारा शब्द. मी तो निळ्या शाईनं, एकसारख्या वळणात लिहिला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. एक आकडा लिहिला असता तर चौकशी आली असती. त्या चौकशीत कुणीतरी विचारलं असतं, ती आधी आली होती तेव्हा टेबलावर कोण होतं?

तर ती मी. आता गोठ्यात परत येते.

शेजारी दात घासत बाहेर आला. मी म्हणाले, "हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायची."

"हिला? आजारी म्हस हाय, मावशी."

"म्हैस वाचत नाही. हिचं बघ. ह्या म्हशीला कुत्रं चावलं होतं का?"

"न्हाय."

शेजारीण नळावरून म्हणाली, "व्हय की वो. मागं एक कुत्रं घुसलतं. हिच्या नाकाडाला लागलतं. तुमीच राख लावलीसा."

"ते काय चावणं हाय? नख लागलं असंल." त्यानं चूळ भरली. "आणि हिला कुठं चावलीया? तोंडात हात घातला नुसता. दात लागला काय गं? न्हाय ना? मग? मावशी, उगंच गवगवा करू नका. कट्ट्यावर कोण फिरकणार न्हाय, डेअरीवाले दूध परत पाठवतील."

"आणि इस्पितळानं हिलाच परत पाठवली, घरी न्या म्हणून, तर?" मी विचारलं. "मग हिच्यावर औषध हाय काय कुणाकडं?"

मी त्याला लहानपणी जुलाबाचं औषध पाजलंय, मला तो घाबरतो. तरी निघाला नाही. आधी जनावरांचा डॉक्टर येऊ दे म्हणाला. डॉक्टर आला, लांबूनच म्हशीकडं बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "सगळ्यांनी लांब व्हा. पिसाळलेली दिसतीय. मेली की मला फोन करायचा, पुरायची नाही. मेंदूचा नमुना घ्यावा लागेल."

पिसाळली हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला आणि आमच्या आधी दवाखान्यात पोचला.

आम्ही रिक्षानं गेलो तर दारापासून रस्त्यापर्यंत रांग. सगळी माझ्या गल्लीतलीच. कट्ट्यावर दूध प्यालेले, त्यांच्या घरचे, चहा प्यालेले, खरवस खाल्लेले. एक गृहस्थ तर म्हणाले त्यांनी ह्या म्हशीचं तूप खाल्लंय, गेल्या दिवाळीत. सगळ्यात पुढं तालमीतले दोन पैलवान, एकमेकांचे हात धरून.

"आजी, सुई लई मोठी असतीया काय ओ?" त्यातला एक म्हणाला. मानेचा घेर माझ्या कमरेएवढा.

"तुझ्या मानानं लहानच," मी म्हणाले.

खिडकीत एक तरुण नर्स होती. इस्त्रीचा गणवेश, केसांना चाप, समोर पट्टीनं आखलेलं रजिस्टर. तिनं मान वर न करता विचारलं, "कुत्रं कधी चावलं?"

"कुत्रं नाही. म्हैस."

"म्हैस चावली?"

"चावली नाही. हिनं तोंडात हात घातला. बोटांना चिरा आहेत. लाळ आत गेलीय."

"चावली नाही ना? मग दूध प्यालेल्यांच्या रांगेत थांबा."

मला त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि तेवढ्यात दिसलं की हा गाल माझाच आहे. चाळीसहून जास्त वर्षं गेली. मंगळावर यान गेलं, माझ्या नातीच्या फोनमध्ये आख्खं जग आलं, आणि ह्या खिडकीतला प्रश्न तसाच. तोच रकाना. तीच मान खाली.

मग मी आवाज लावला. म्हातारीचा आवाज लागला की कोल्हापुरात पोलीससुद्धा बाजूला होतो.

"ज्यांनी उकळलेलं दूध प्यालंय, चहा प्यालाय, खरवस खाल्लाय, तूप खाल्लंय, त्यांना काही झालेलं नाही! घरी जा! ज्यांनी कच्चं प्यालंय त्यांनी बाजूला थांबा, डॉक्टर विचारून सांगतील. आणि जिचे हात त्या जबड्यात होते तिला पुढं येऊ द्या. तुमच्या चहासाठी हिनं मरायचं काय?"

"तुम्ही कोण सांगणार?" तुपाचे गृहस्थ म्हणाले.

"मी अशी एक बाई मारलीय," मी म्हणाले. "म्हणून मी सांगणार."

पैलवान पहिल्यांदा बाजूला झाले. शेजारीण माझ्याकडं बघत होती, आणि तिला त्या क्षणी कळलं की नळावर मी चोळता चोळता का थांबले होते. तिनं तिथंच भिंतीला पाठ टेकली.

डॉक्टर बाहेर आले. चांगले होते, तरुण, दमलेले. चिरा बघितल्या आणि म्हणाले, "लस देतो. पण सीरम पण लागणार, आणि ते माझ्याकडं नाही."

लस अंगाला लढायला शिकवते, पण त्याला दिवस लागतात. तोवर राखण करायला जखमेतच टोचायचं तयार औषध म्हणजे सीरम. एवढ्या चिरांतून लाळ आत गेलेल्या माणसाला नुसत्या लसीवर सोडणं म्हणजे पूर आल्यावर पोहायच्या क्लासला नाव घालणं.

"का नाही?" मी विचारलं.

"आमच्याकडं अशा केसेस होत नाहीत ना. मागचे सगळे अहवाल..."

"निरंक," मी म्हणाले.

ते चमकले. "तुम्हाला कसं माहीत?"

मला कसं माहीत! भिंतीवर मोठं पत्रक होतं, देशातून हा रोग हद्दपार करायचा म्हणून, त्यावर गोंडस कुत्रं आणि हसरं कुटुंब. चांगलं आहे, करा हद्दपार. पण दिल्लीत बसून देशाच्या रोगावर नजर ठेवणाऱ्याचे डोळे म्हणजे कोण? ही खिडकीतली पोरगी. ती जे लिहील ते तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला. वर प्रत्येक टेबलावर फक्त बेरीज होते, आणि कितीही निरंक मिळवले तरी बेरीज निरंकच. मग वरचा म्हणतो, तिथं माणसं मरत नाहीत, तिथं सीरम कशाला? सीरम नाही म्हणून माणूस मरतो. तो घरी मरतो, तापानं मरतो, आणि अहवाल पुन्हा निरंक. ह्या चरकात पहिलं कांडं माझ्यासारख्यांनी घातलंय. निळ्या शाईनं. पेनाचा सेट घेऊन.

डॉक्टरांनी लस दिली आणि तीन ठिकाणी फोन केले. शहरातल्या मोठ्या इस्पितळात सीरम होतं. पण निघण्याआधी मी खिडकीशी गेले.

"हिची नोंद कर."

"आजी, 'इतर' असा रकाना आहे, पण त्यात आम्ही कधी..."

"आज कर. लिही, म्हैस. लाळ. दोन्ही हात, बोटांना चिरा. चावा नाही."

"वरून विचारतील."

"विचारू देत. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी अशी झालेय."

तिनं लिहिलं. अक्षर फार सुंदर होतं पोरीचं. मला वाईट वाटलं.

दुपारपर्यंत शेजारणीच्या बोटांत सीरम गेलं. एकेका चिरेत सुई. ती प्रत्येक टोचणीला नवऱ्याच्या घराण्यातल्या एकेका पिढीचा उद्धार करत होती, आणि तो उशाशी उभा राहून "व्हय, व्हय, बरोबर हाय" म्हणत होता. सुया संपल्या तेव्हा त्याच्या पणज्यापर्यंत आलो होतो. त्यालाही लस टोचली, राख लावणाराही तोच, धार काढणाराही तोच.

म्हैस तिसऱ्या दिवशी मेली. शेजाऱ्यानं मागच्या परड्यात खड्डा काढायला घेतला आणि मीठ आणलं. मी गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसले.

"मावशी, सरका. वास सुटंल."

"डॉक्टर येऊन नमुना घेऊ दे. मग सरकते."

"कशाला आता? मेली की ती."

"म्हणूनच."

चार तास बसले. शेजारीण आतून मला चहा आणून देत होती आणि नवऱ्याकडं बघतही नव्हती. शेवटी डॉक्टर आला. काही दिवसांनी तपासणीचा कागद आला. रेबीजच.

शेवटच्या लसीला मी तिच्याबरोबर गेले. खिडकीतली नर्स मला बघून उठून बाहेर आली.

"आजी, वरून फोन आलता. म्हणाले, 'इतर'मध्ये एक कसं काय आलं? टायपिंगची चूक हाय काय?"

मी तिथल्या बाकावर बसले. माझ्या निरंकाबद्दल मला आयुष्यात कधी फोन आला नव्हता. एवढे निरंक लिहिले, एकाही टेबलावरच्या एकाही माणसाला वाटलं नाही की ही चूक असेल. एक बाई जगली आणि कागदावर दिसली, तर लगेच फोन.

"काय सांगितलंस?"

"अजून काय न्हाय. उद्या सांगतो म्हणालो." ती आमच्या कोल्हापुरी बायकांसारखी 'सांगतो', 'म्हणालो' बोलत होती आता, गणवेशातली भाषा सोडून.

"सांग, चूक न्हवं. बाई हाय. हे बघ, समोर उभी हाय."

शेजारणीनं तिला हात दाखवले, बांगड्या वाजवत.

त्यानंतर मी एक खुळेपणा केला. शिरोळकडच्या त्या जुन्या दवाखान्यात गेले, दोन एसट्या बदलून, लेखी अर्ज घेऊन. अमुक महिन्याच्या अहवालात 'निरंक' असं माझ्या हातून लिहिलं गेलं आहे, ते चूक आहे, दुरुस्ती व्हावी. खाली सही, तीच, वळणदार. तिथल्या क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला.

"आजी, ती रजिस्टरं रद्दीत गेली कवाच. आणि आता दुरुस्त करून उपयोग काय? कुणाला भरपाई पायजे काय?"

"भरपाई नको. ती मेली एवढं लिहून पाहिजे."

"कुठं लिहू? रजिस्टरच न्हाय तर?"

चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी मी तिला हेच म्हणाले होते मनात. कुठं लिहू?

शेजारीण आता रोज धार काढून झाली की माझ्या पायरीवर येऊन बसते, तांब्याभर पाणी एका दमात पिते आणि मुद्दाम ढेकर देते, म्हातारीनं ऐकावं म्हणून. मी कधी कौतुक करत नाही. बघते मात्र रोज, घोट खाली उतरेपर्यंत.

आणि तिच्यासाठी, जिला कुणी कुठं लिहिलं नाही, हे मी इथं लिहून ठेवते. म्हैस. लाळ. उजवा हात. चावा नाही. बाई, वय तेवीस, कडेला मूल. दवाखान्यात वेळेवर आली होती. रेबीजने मृत्यू, एक.